कोणाला होतो आणि कोण दगावतो

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल स्क्रीनिंग कमिटीने प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या) कॅन्सरच्या तपासणीबद्दलची मसुदा शिफारस जाहीर केली आणि एक जुनं भांडण पुन्हा पेटलं. ज्यांच्या बीआरसीए या कॅन्सरला आवर घालणाऱ्या जनुकांत दोष असल्याचं आधीच निष्पन्न झालं आहे, अशा ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासणीला बोलवावं, असं समितीचं म्हणणं. कृष्णवर्णीय पुरुषांसाठी मात्र असा कार्यक्रम सुरू करू नये, कारण त्यातून फायदा किती आणि नुकसान किती हे ठरवण्याइतकी माहिती हाती नाही. आता इंग्लंडमधले आकडे असे आहेत की कृष्णवर्णीय पुरुषाला आयुष्यात हा कॅन्सर होण्याची शक्यता चारात एक, गोऱ्या पुरुषाला आठात एक. दुप्पट फरक डोळ्यांसमोर असताना माहिती नाही म्हणायचं, म्हणजे हा सरळ वर्णद्वेष, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू खांदे उडवून सांगते की हे त्यांच्या रक्तातच आहे, त्याला सरकार काय करणार? अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री, कृष्णवर्णीय असलेले लॉइड ऑस्टिन यांचा हाच आजार जानेवारी २०२४ मध्ये उघड झाला, तेव्हाही हेच दोन सूर लागले होते.

मला दोन्ही सूर बेसूर वाटतात. या फरकामागे जनुकांचा वाटा आहे, तो मोजला गेला आहे, आणि तो नाकारण्यात कोणाचंही भलं नाही. पण तो वाटा मुख्यतः कॅन्सर कोणाला होतो याचा आहे. झाल्यावर कोण दगावतो, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जनुकांत शोधत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय जनुक ही मोजता येणारी गोष्ट आहे. वंश हा अर्जावरचा रकाना आहे. या दोन्ही सरमिसळी वादात इतक्या सर्रास होतात की भांडणारे नक्की कशावर भांडत आहेत हे त्यांनाही सांगता येत नाही.

आधी जनुकवाल्यांची बाजू, आणि ती तिच्या सर्वांत भक्कम रूपात. अमेरिकेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचा वारसा मिश्र आहे. सरासरी पाहिली तर पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक युरोपीय. त्यामुळे त्यांच्या गुणसूत्रांवर आफ्रिकी आणि युरोपीय तुकडे आलटून पालटून येतात. २००६ साली संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या सुमारे सोळाशे कृष्णवर्णीय पुरुषांची गुणसूत्रं अशी तुकड्यातुकड्याने वाचली आणि साधा प्रश्न विचारला: या रुग्णांत अशी एखादी जागा आहे का, जिथे आफ्रिकी तुकडा इतर जागांपेक्षा जास्त वेळा सापडतो? सापडली. आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, ज्या भागाला ८क्यू२४ म्हणतात तिथे. त्याच वर्षी आइसलँडमधली एक तुकडी अगदी वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचली. हा भाग मोठा चमत्कारिक आहे. प्रथिनं बनवणारी जनुकं तिथे जवळपास नाहीतच, पण शेजारी एमवायसी हे कॅन्सरशी जुनं नातं असलेलं जनुक आहे आणि या ओसाड पट्ट्यातले फेरफार त्याची बटणं दाबत असावेत असा अंदाज आहे. याच पट्ट्यात पुढे एक फेरफार सापडला, जो व्यवहारात आफ्रिकी वारशाच्या पुरुषांतच आढळतो. त्यांच्यातल्या सुमारे १२ टक्के पुरुषांत तो असतो, आणि ज्याच्यात असतो त्याचा धोका साधारण दुप्पट होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात २६९ फेरफारांची गोळाबेरीज करून प्रत्येक माणसाच्या जनुकीय धोक्याचा गुणांक काढला; युरोपीय वारशाच्या पुरुषांची सरासरी १ धरली तर आफ्रिकी वारशाच्या पुरुषांची २.१८ आणि पूर्व आशियाई पुरुषांची ०.७३ आली. यात आणखी एक गोष्ट मिळवा. ब्रिटनमध्ये उपचार सरकारी आणि मोफत, अमेरिकेत विम्यावर, कॅरिबियन बेटांवर तिसरीच तऱ्हा. तरीही तिन्ही ठिकाणी आफ्रिकी मुळाच्या पुरुषांत प्रमाण जास्तच. केवळ गरिबी आणि भेदभाव यांवर हे सगळं बसवून दाखवणं अवघड आहे. मी तरी तो प्रयत्न करणार नाही.

तरीही अनेक भली माणसं ही चर्चा सुरू होताच कानांवर हात ठेवतात. वंश ही समाजाने रचलेली कल्पना आहे, १९७२ सालीच जनुकशास्त्रज्ञ लेवॉंटिन यांनी दाखवलं की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो, मग वंशावरून जनुकांबद्दल बोलताच कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. लेवॉंटिन यांचं गणित बरोबर होतं. पण सगळ्या फरकांची सरासरी एक सांगत असताना एखादा विशिष्ट फेरफार एका समूहात जास्त आणि दुसऱ्यात जवळपास नसणं अगदी शक्य आहे, आणि वर सांगितलेला फेरफार नेमका तसाच आहे. कानांवर हात ठेवण्यामागची भीती मात्र खोटी नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत ठेवला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले नेते स्टोकली कार्मायकल, पुढचे क्वामे तुरे, १९९८ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरनेच गेले. हा आजार आपल्याला अमेरिकी साम्राज्यवाद्यांनी दिला, असं ते जाहीरपणे म्हणत. वैज्ञानिक दृष्टीने हे म्हणणं टिकणारं नाही. पण टस्कीगीची फाईल वाचलेल्या माणसाला त्या संशयाबद्दल हसू येणार नाही.

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडच्या ज्या आकडेवारीत चारात एक आणि आठात एक हे प्रमाण आहे, तिच्यातच मृत्यूचेही आकडे आहेत आणि गंमत म्हणजे ते फारसं कोणी पुढे वाचत नाही. प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याची शक्यता कृष्णवर्णीय पुरुषासाठी बारात एक, गोऱ्यासाठी चोवीसात एक. भागाकार करून पाहा. निदान झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण दोघांचंही तिनात एक. कृष्णवर्णीयांत मृत्यू दुप्पट आहेत ते रुग्ण दुप्पट आहेत म्हणून. एकदा रुग्ण झाल्यावर दोघांची वाट सारखीच. काळ्या माणसाचा कॅन्सर जात्याच अधिक हिंस्र असतो, हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते या आकड्यांत कुठे आहे?

अमेरिकेत चित्र निराळं दिसतं. तिथे कृष्णवर्णीयांत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या पावणेदोन पटीच्या आसपास, पण मृत्यूचं प्रमाण दुपटीहून किंचित अधिक. म्हणजे जास्त रुग्ण हे कारण वजा केलं तरी काहीतरी उरतं. हे उरलेलं जनुकांच्या खात्यावर टाकायचं की दवाखान्याच्या? याचा निवाडा करायला निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे विमा, खिसा, पत्ता यांवरून उपचार ठरण्याचं प्रमाण बरंच कमी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या सेवेतले साठ हजार रुग्ण पाहिले गेले. त्यांतले सुमारे ३० टक्के कृष्णवर्णीय. दहा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.४ टक्के, गोऱ्यांत ५.१ टक्के. कृष्णवर्णीयांत जास्त तर नाहीच, किंचित कमी. त्याच्या आदल्या वर्षी तीन लाखांहून अधिक रुग्णांचं एकत्रित विश्लेषण झालं होतं. त्यात ज्यांना वैद्यकीय चाचणीत ठरलेलेच उपचार, ठरलेल्याच वेळी मिळाले होते, त्यांच्यातही कृष्णवर्णीयांची पिछेहाट दिसली नाही.

यावर प्रतिवाद होतो की चाचणीत भरती होणारी माणसं निवडक असतात, धट्टीकट्टी आणि सजग. मान्य. सैनिकही सगळ्या समाजाचे प्रतिनिधी नाहीत. पण गाठच मुळात जास्त मारक असती, तर सारख्या उपचारांखाली तो मारकपणा आणखी स्पष्ट दिसायला हवा होता. प्रत्यक्षात फरक दिसेनासा होतो. प्रयोगशाळेतून आणखी एक पुरावा पुढे केला जातो: २००५ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी प्रोस्टेटच्या गाठींत दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली दाखवली, गोऱ्यांच्या सुमारे निम्म्या गाठींत हे आढळतं, कृष्णवर्णीयांच्या साधारण पाव गाठींत, आशियाई पुरुषांत बहुधा आणखी कमी. गाठी वेगळ्या आहेत, हे खरं. वेगळ्या म्हणजे जास्त जीवघेण्या, ही उडी मात्र पुराव्याशिवाय मारलेली आहे.

वंश आणि जनुक यांची सरमिसळ ही त्याहून जुनी खोड. ८क्यू२४ वरचा तो फेरफार १२ टक्क्यांत असतो, म्हणजे ८८ टक्क्यांत नसतो. आफ्रिकेच्या आत जेवढी जनुकीय विविधता आहे तेवढी उरलेल्या जगात मिळून नाही, आणि तरी सेनेगल ते सोमालिया सगळ्यांना आपण एकाच रकान्यात बसवतो. आता एचओएक्सबी१३ नावाचं जनुक घ्या. त्यातला एक दोष २०१२ मध्ये उजेडात आला. तो प्रोस्टेट कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढवतो आणि आढळतो मुख्यतः स्वीडन-फिनलंडकडच्या, उत्तर युरोपीय मुळाच्या घराण्यांत. त्यावरून कोणी प्रोस्टेट कॅन्सरला गोऱ्यांचा आजार म्हटलं? कोणी लिहिलं की हे नॉर्डिक रक्तातच आहे? त्याच जनुकातला दुसरा एक दोष पश्चिम आफ्रिकी मुळाच्या पुरुषांत सापडला, की चर्चा लगेच वंशाकडे वळते. सिकलसेलचंही असंच झालं. अमेरिकेत तो कित्येक दशकं काळ्या रक्ताची खूण मानला गेला, इतका की गोऱ्या रुग्णात सापडला तर डॉक्टर त्याच्या वंशावळीवर शंका घेत. आणि तोच आजार ग्रीसमध्ये आहे, आणि आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. जिथे मलेरिया होता तिथे तो टिकला. कातडीच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मोजमापाच्या नावाखाली वंश कसा उभा केला जातो, हे खरं तर आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्रिटिश राजवटीतले अधिकारी रिस्ली साहेबाने नाकांची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चर्मकार वंशाने एकच आहेत, हे आंबेडकरांनी १९३६ मध्येच सुनावलं आणि पुढे असल्याच मोजमापांचे आकडे घेऊन ती उतरंड मोडून दाखवली.

एखादा आजार एकाच गटात, एकाच घराण्यात घुटमळत राहिला की तो रक्तातून येतो असं वाटणं स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने हजारो माणसं मरत होती. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. एका घरात झाला की घरातल्या इतरांनाही व्हायचा. सुप्रजननशास्त्राचे तिथले अध्वर्यू चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी त्यावरून १९१६ मध्ये आनुवंशिकतेचा सिद्धान्त मांडला. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने त्याआधीच मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना माफीच्या बदल्यात मुख्यतः मका आणि तत्सम पिठूळ खाण्यावर ठेवून पेलाग्रा उत्पन्न करून दाखवला होता, आणि अनाथालयांत दूध-मांस देऊन तो घालवून दाखवला होता. घराण्यात रक्त जसं सामाईक असतं तसं ताटही सामाईक असतं, एवढंच ते. गोल्डबर्गरला कोणी ऐकलं नाही असं नव्हे. पण ताट बदलायचं तर मजुरी वाढवावी लागली असती, आणि रक्ताला दोष द्यायला काही खर्च येत नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रोस्टेट कॅन्सरचीच एक ताजी आवृत्ती मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटांवर आहे. लोक बहुतांश आफ्रिकी मुळाचे, आणि प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी. जनुकांवर बोट ठेवून वही मिटायला यापेक्षा सोयीची जागा कोणती? पण १९७२ ते १९९३ या काळात तिथल्या केळीच्या बागांत सोंड्याच्या बंदोबस्तासाठी क्लोर्डेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं. अमेरिकेने व्हर्जिनियातल्या कारखान्यातले कामगार आजारी पडल्यावर सत्तरच्या दशकातच त्याचं उत्पादन बंद केलं होतं. बेटांवर ते पुढे दीड दशकाहून जास्त चाललं, फ्रान्समध्ये बंदी आल्यावरही खास सवलत घेऊन. ते मातीत आहे, पाण्यात आहे, रक्तात आहे. ग्वादलूपमधल्या पुरुषांच्या रक्तात ते जितकं जास्त तितका प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जास्त, असं २०१० च्या अभ्यासात दिसलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये फ्रान्सने शेतमजुरांतला हा कॅन्सर व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. यामुळे ८क्यू२४ खोटं ठरत नाही. त्या मजुराच्या अंगात कदाचित दोन्ही आहेत. पण ‘आफ्रिकी वंश’ लिहून फाईल बंद केली असती, तर रक्तातलं कीटकनाशक मोजायला कोण गेलं असतं?

व्यवहारातला आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. दवाखान्यात डॉक्टरकडे दहा मिनिटं असतात. २६९ फेरफार वाचायला वेळ नाही, यंत्र नाही, पैसा नाही. समोरच्या माणसाचा वंश मात्र दिसतो. ढोबळ असेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. हे मला निम्मं पटतं, आणि उरलेलं निम्मं का पटत नाही ते मूत्रपिंडाच्या उदाहरणाने सांगतो. अमेरिकेत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडं किती काम करतात हे काढण्याच्या सूत्रात १९९९ पासून कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा साधारण १.२ ने गुणला जाई. पुढच्या सूत्रात तो १.१६ च्या घरात आला. परिणाम असा की रक्तात तितकंच क्रिएटिनिन असलेल्या गोऱ्या रुग्णापेक्षा कृष्णवर्णीयाची मूत्रपिंडं कागदावर अधिक धडधाकट दिसत, आणि प्रत्यारोपणाच्या रांगेत त्याचं नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये हा गुणक काढला. २०२३ पासून रांगेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांना बुडालेला काळ परत मोजून देणं सुरू झालं. या मधल्या काळात काय झालं होतं? २०१० मध्ये एपीओएल१ या जनुकातले फेरफार सापडले होते, जे पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांत मूत्रपिंडाचा धोका खरोखरच वाढवतात आणि ज्यांची तपासणी करता येते. म्हणजे खरं जनुक हाती आलेलं असताना रकान्याचा गुणक पुढची अकरा वर्षं चालूच राहिला. तात्पुरती सोय म्हणून घेतलेली गोष्ट अशी ठाण मांडून बसते.

म्हणून रकाना कशासाठी वापरला जातो, हे मला महत्त्वाचं वाटतं. मूत्रपिंडाच्या सूत्रात तो माणसाला रांगेबाहेर ठेवत होता. कृष्णवर्णीय पुरुषाशी पन्नाशीऐवजी पंचेचाळिशीत पीएसएबद्दल, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीबद्दल, बोलायला तो वापरला, तर आज तरी मी त्याच्या बाजूने आहे. समितीची काळजी पोकळ नाही: पीएसए वाढलेला दिसतो, बायोप्सी होते, कधीच त्रास न देणारी गाठ सापडते, शस्त्रक्रिया होते, आणि उरलेलं आयुष्य लघवीवरचा ताबा आणि लैंगिक शक्ती गमावून काढावं लागतं. बायोप्सीआधी एमआरआय करण्याची पद्धत आल्यापासून हे नुकसान कमी झालं आहे, संपलेलं नाही. पण ‘पुरेशी माहिती नाही’ हे वाक्य मला खटकतं, कारण ती माहिती आपोआप गहाळ झालेली नाही. अमेरिकेतल्या तपासणीच्या ज्या मोठ्या चाचणीच्या आधारावर २०१२ मध्ये पीएसए नकोच असा सल्ला दिला गेला, तिच्यात कृष्णवर्णीय पुरुष जेमतेम ४ टक्के होते. २०१८ मध्ये तो सल्ला सौम्य करावा लागला. वर ज्या २०२१ च्या गुणांकाचा उल्लेख केला, त्यातल्या एक लाख सात हजार रुग्णांपैकी आफ्रिकी वारशाचे दहा हजारांच्या आसपास होते. ज्यांना जास्त होतो त्यांनाच मोजायचं नाही आणि मग मोजमाप नाही म्हणून तपासायचं नाही, हा न्याय मला समजत नाही. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफॉर्म चाचणीत बोलावण्यात येणाऱ्या पुरुषांत दहात एक कृष्णवर्णीय असावा आणि त्यांना ४५ व्या वर्षापासून घ्यावं असं ठरलं आहे. निकाल यायला वर्षं लागतील. तोवरच्या पुरुषांचं काय, याचं उत्तर मसुद्यात नाही.

आपल्या लोकांपुरतं थोडं. इंग्लंडच्या त्याच आकडेवारीत आशियाई, म्हणजे तिथल्या हिशेबात प्रामुख्याने भारतीय उपखंडाकडच्या, पुरुषाला हा कॅन्सर होण्याची शक्यता तेरात एक आहे. हा आकडा वाचून आपल्यात हे नसतं असा निर्वाळा देणारे काका प्रत्येक घरात निघतील. जपान्यांबद्दलही एकेकाळी असंच म्हटलं जाई. ते हवाई आणि कॅलिफोर्नियात जाऊन राहिले तेव्हा तीच जनुकं घेऊन गेलेल्यांत प्रमाण वाढलं. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, तरी भारतातल्या कमी दरामागे जनुकं किती, खाणंपिणं किती आणि पीएसए कोणी करतच नाही हे किती, याची फोड झालेली नाही. २०२१ च्या त्या गुणांकात युरोपीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार गट होते. दक्षिण आशियाई त्यात नव्हतेच. लेस्टरमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी गृहस्थाच्या हातात उद्या असा आकडा पडला, तर तो कोणाच्या मापाने काढला आहे हे त्याने डॉक्टरला विचारावं. त्याआधी गावी फोन करून एक चौकशी करावी: वडिलांना नाहीतर चुलत्यांना शेवटी शेवटी जो लघवीचा त्रास होता आणि पाठ-कंबर धरली होती, ते खरंच नुसतं वयामुळे होतं का.